तळेगावच्या बागेला दहा ब्रास माती लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तळेगाव दाभाडेला नवीन बंगला बांधून झालाय. पुढे तीस बाय वीस फुटांचं लॉन करायचंय, मागे भाजीसाठी दहा बाय वीसची जागा आहे. कंपाउंडलगत चाळीस फूट लांब आणि अडीच फूट रुंद पट्ट्यात जास्वंद, एक्झोरा वगैरे लावायचेत, शिवाय आंबा, लिंबू, डाळिंब आणि सोनचाफा असे चार खड्डे. खाली सगळा मुरूम. मातीवाला म्हणतो, "दहा ब्रास लाल माती टाका, डोळे झाकून." (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.) पहिला पाऊस पडला की मागवावी असा विचार आहे. दहा ब्रास बरोबर आहे का, आणि चांगली माती ओळखायची कशी?

दहा ब्रास नको, सहा पुरते. आणि पावसानंतर नको, आधी मागवा. पण भावावर घासाघीस करण्याआधी मातीवाल्याला एकच गोष्ट विचारा: माती उचलता कुठून, आणि किती खोलीवरून? या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. जमिनीचा वरचा सहा ते नऊ इंचांचा थर ही खरी माती. सेंद्रिय अंश, गांडुळं, बुरशी, जिवाणू सगळं तिथेच असतं. त्याखाली जे आहे ते रंगाने मातीसारखं दिसतं, पण त्यात झाड नुसतं उभं राहतं, वाढत नाही. पुण्याच्या आसपास सध्या ठिकठिकाणी बेसमेंट खोदली जातायत. तिथली दहा-बारा फूट खोलीवरची काळी, चिकट माती फुकटात उचलली जाते आणि "शेतातली काळी" म्हणून विकली जाते. दिसायला ती वरच्या मातीपेक्षाही छान दिसते, कारण तिच्यात ना काडीकचरा, ना मुळं. माती फारच स्वच्छ दिसली तर मला आधी संशय येतो.

चांगला माल मिळतो तो नवीन एनए (बिगरशेती) प्लॉटिंग चाललेल्या ठिकाणी. रस्ते आखताना वरचा थर सोलून बाजूला ढीग मारलेला असतो, तो कुठेतरी जाणारच असतो. चालू शेतातली माती सोलून आणणारे मात्र टाळावेत असं माझं मत. एक इंच माती तयार व्हायला शतकं लागतात आणि आपल्या लॉनसाठी कुणाचं तरी वावर उघडं पडतं. धरणाचा गाळही येतो, एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की. गाळ सुपीक असतो, पण कण फार बारीक. नुसता पसरला तर पाणी दिल्यावर वर पापडी धरते. शिवाय शासनाची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही २०१७ची योजना शेतकऱ्यांच्या शेतासाठी आहे. तो गाळ तुमच्या दारात विकायला आला तर कागद विचारा.

कागदाचं आलंच आहे तर सांगून टाकतो. माती आणि मुरूम ही महाराष्ट्रात गौण खनिजं आहेत. उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं, आणि गाडीबरोबर वाहतुकीचा पास असावा लागतो. परवानगीशिवाय उचललेल्या मालावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. तलाठी किंवा मंडल अधिकारी दारात उभे राहिले तर मातीवाला फोन उचलत नाही, हे धरून चाला. रॉयल्टीच्या पावतीचा फोटो आधी मागून घ्या. जो आढेवेढे घेतो त्याचा माल घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आता दहाचे सहा कसे झाले ते बघू. लॉनला सहा इंच माती हवी असं सगळे म्हणतात, पण खालचा मुरूम सहा इंच खोल फोडून मोकळा केला तर वर चार इंच भरपूर होतात: ६०० चौरस फुटांना २०० घनफूट. भाजीला एक फूट, म्हणजे आणखी २००. कंपाउंडच्या पट्ट्याला सव्वा फूट खोली धरली की १२५. तीन बाय तीन बाय तीनचे चार खड्डे, १०८. बेरीज ६३३. सैल माती पाणी पडल्यावर बसते, त्यासाठी पाचव्या हिश्श्याची भर धरायची, की ७६० होतात. यातला चौथा हिस्सा शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत. उरते साधारण ५७० घनफूट माती, म्हणजे पावणेसहा ब्रास. दहा ब्रासचे पैसे तुमच्याकडे असतील तर वरच्या चार ब्रासचे पैसे खतात घाला. मातीपेक्षा खताने बाग लवकर उभी राहते.

सहाही ब्रास लाल नको. पुण्यात लाल मातीचं वेड आहे, आणि अर्धं बरोबर आहे. मुळशी, भोर, वेल्ह्याकडची घाटमाथ्याची लाल माती निचऱ्याला चांगली, हाताळायला हलकी आणि किंचित आम्लधर्मी. पण भरपूर पावसाने धुऊन गेलेली असल्यामुळे अन्नद्रव्यं कमीच. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे, सुपीकतेचा नाही. काळी माती उलट. अन्न आणि पाणी धरून ठेवते, पण पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि आपल्याकडे तिच्यात बहुतेक वेळा चुनखडी असते. तुमच्या यादीत सोनचाफा आणि एक्झोरा आहेत, म्हणून हे महत्त्वाचं. चुनखडीच्या मातीत या झाडांना लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक औषधं फवारत बसतात. तेव्हा साडेपाच ब्रास लाल आणि साधारण अर्धा ब्रास काळी. काळी फक्त भाजीच्या वाफ्यात, दोन भाग लाल, एक भाग काळी या हिशोबाने. डाळिंबाच्या खड्ड्यात तर निघालेला मुरूमच अर्धा परत भरा. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा मुरमाड जमिनीवरच उभ्या आहेत.

काळ्या मातीत वाळू मिसळून ती भुसभुशीत करायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. थोडी वाळू घातली तर सिमेंटच्या मालासारखी घट्ट होते, आणि उपयोग होण्याइतकी वाळू परवडत नाही. त्याऐवजी भाताचं तूस घाला. तुम्ही मावळात राहता, कामशेत-वडगाव भागात भातगिरण्या आहेत. तूस पोत्याने मिळतं.

माती पसंत करायला स्वतः जा. नमुना म्हणून पिशवीत आणून दिलेली माती आणि ट्रकमध्ये येणारी माती यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. ढिगाच्या वरची नको, कडेने फूटभर आत हात घालून मूठभर काढा. पाण्याने ओली करून तळहातावर वळकटी वळा. वळकटी वळली आणि तिची अंगठी वाकवताना तडे गेले तर पोत चांगला. अंगठी विनातडा झाली तर चिकण फार. वळकटी वळलीच नाही तर वाळू किंवा मुरमाचा चुरा. "लाल माती" म्हणून चाळलेला तांबडा मुरूम सर्रास खपवला जातो, तो या परीक्षेत लगेच सापडतो: बोटांत खरखरतो आणि पाणी टाकलं की पाणी एकीकडे, खडे एकीकडे. काळ्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. वास घ्या. पहिल्या पावसाचा वास आला तर उत्तम. आंबूस किंवा गटारासारखा आला तर ती नाल्यातली आहे, तिथूनच परत फिरा.

सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो लव्हाळा शोधण्यात. खडे चाळता येतात, चुनखडीवर उपाय आहेत, पण लव्हाळ्याच्या गाठी एकदा आल्या की पुढची कित्येक वर्षं तुम्ही लॉनमध्ये उकिडवे बसलेले असाल. माती बोटांनी हळूहळू पसरा. काळपट, हरभऱ्याएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी दिसतील, तारेसारख्या बारीक मुळीने एकमेकींना जोडलेल्या. नखाने कापली तर आत पांढरी, आणि नागरमोथ्यासारखा वास. नागरमोथा याच कुळातला. अशी एक गाठ मिळाली तरी तो ढीग नको. एका गाठीच्या दहा होतात. उपटली की वरचं गवत हातात येतं आणि गाठ खालीच राहते. हरळीचे कांडे आणि काळ्या मातीत कुंद्याची मुळंही बघा. गाजरगवताचं मात्र फार मनावर घेऊ नका, ते बियांनी येतं आणि फुलण्याआधी उपटलं की संपतं.

वेळ असेल तर आणखी एक करा. दोन किलो माती घरी आणून पसरट ट्रेमध्ये घाला, रोज पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा. काय उगवतंय ते दिसेल. दुसऱ्या कुंडीत मेथी टाका. चार-पाच दिवसांत नीट उगवून आठवडाभर हिरवी राहिली तर मातीत क्षार किंवा रसायन नाही असं समजायला हरकत नाही. प्रयोगशाळेत द्यायची असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अहवालात तीन आकडे बघा: सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात, क्षारता एकच्या आत, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या वर. नत्र-स्फुरद-पालाशच्या रकान्यांकडे सध्या दुर्लक्ष करा, ते खतांनी भरून निघतं.

आता गाडी. भावाचा मोठा भाग वाहतुकीचा असतो, म्हणून मी इथे रुपये लिहीत नाही. मुळशीहून तळेगावला आणि मुळशीहून हडपसरला येणारी तीच माती वेगळ्या भावाची होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते, सहाचाकी डंपरमध्ये दोन-अडीच, दहाचाकी हायवात चार-पाच. "साधारण" हा शब्द मातीवाल्याच्या फायद्याचा आहे, म्हणून टेप घेऊन उभे राहा. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजा, गुणा, शंभराने भागा. दहा बाय सहाचा हौदा आणि दीड फूट माती म्हणजे ९० घनफूट, ब्रास नव्हे. उंची चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजून सरासरी काढा, कारण माती मधे शीग लावून भरलेली असते आणि कोपरे रिकामे असतात. मोजायचं ते फाळका उघडण्याआधी. खाली ओतलेल्या ढिगाचं माप कुणालाच सिद्ध करता येत नाही. वजनावर माती कधीच घेऊ नका. कोरडी ब्रासभर माती साडेतीन टनांच्या आसपास भरते, ओली साडेचारच्या पुढे जाते, आणि तो वरचा टन तुम्ही पाण्यासाठी मोजलेला असतो.

मोठी गाडी ब्रासमागे स्वस्त पडते, पण तुमच्या दारात हायवा नको. भरलेला हायवा २५ टनांच्या पुढे जातो. पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजचे चेंबर, आणि मुख्य म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक यावरून तो गेला तर मातीपेक्षा दुरुस्तीचा खर्च मोठा होईल. तुमच्यासाठी सहाचाकी डंपर किंवा ट्रॅक्टर. टाक्या कुठे आहेत ते चुन्याने आखून ठेवा. हौदा उचलल्यावर तो विजेच्या तारांना लागणार नाही ना हे आधी वर बघून ठरवा, ड्रायव्हर वर बघत नाही. आणि माती ओतायची जागा कंपाउंडच्या आतच हवी. रस्त्यावर ओतली की शेजारी, नगरपरिषद आणि गल्लीतली मांजरं या क्रमाने तक्रारी सुरू होतात. मांजरं तक्रार करत नाहीत, ढीग वापरतात.

व्यवहार व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, तोंडी नको: मातीचा प्रकार, कुठली, हौद्याच्या मापाने किती ब्रास, मुठीएवढे दगड आणि राडारोडा असेल तर गाडी परत, आत वाहून टाकायची हमाली धरून की वेगळी. पैसे गाडी रिकामी झाल्यावर. आगाऊ द्यायचेच तर भाड्याएवढे द्या. पहिल्या दिवशी दोनच ब्रास मागवा. पहिली खेप ओतताना फाळक्याजवळच्या मातीकडे नाही, मधल्या मातीकडे बघा. चांगली माती पुढे-मागे आणि मधे भराव ही जुनी खोड आहे. विटांचे तुकडे, सिमेंटचे पापुद्रे, प्लास्टिक दिसलं तर तिथेच थांबवा. ड्रायव्हर कुरकुरेल, पण मालकाला फोन करेल. माल पसंत पडला तर उरलेल्या खेपा त्याच ढिगातल्या हव्यात, असं बजावून सांगा.

वेळेचं बोलायचं तर तुमचा पहिल्या पावसानंतरचा बेत बदला. मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतं. त्याआधी, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माती आत आलेली हवी. पावसात खाणीत गाडी जात नाही, गेली तर माती चिखल होऊन येते, पसरताना पायाखाली दबते, आणि वाळल्यावर विटेसारखी होते. मेमध्ये कोरडी माती चाळायलाही सोपी. माणसंही तेव्हा मिळतात, मृगानंतर सगळे भाताच्या रोपाला लागतात.

माती यायच्या आधी खालचा मुरूम तयार हवा, आणि इथे बहुतेक बागा बिघडतात. बांधकामाच्या वेळी तुमच्या अंगणावरून मिक्सर, ट्रक, खडी सगळं फिरलंय. तो मुरूम आता फरशीसारखा आहे. त्यावर चार इंच माती टाकली तर पावसाचं पाणी खाली जाणार नाही आणि मुळं आडवी धावतील. फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर टिकावाने किंवा छोट्या जेसीबीच्या दातांनी जमीन सहा इंच फोडून घ्या. सिमेंटचा गाळ वाळून पांढरे थर झाले असतील ते उचलून बाहेर. मग माती एकदम ओतू नका. आधी दोन इंच पसरून फोडलेल्या मुरमात कुदळीने मिसळा, उरलेली वर. दोन थरांच्या मधे स्पष्ट रेघ राहिली की पाणी तिथेच अडतं. उतार घरापासून बाहेर, आणि मातीची पातळी जोत्याच्या खाली किमान सहा इंच. जोत्याला माती टेकली की भिंतीला ओल आणि वाळवी दोन्ही येतात.

शेणखत कुजलेलंच. हातात घेतल्यावर भुसभुशीत, काळपट, शेणाचा वास नसलेलं. ताज्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, आणि त्या लॉनची मुळं खातात. चाळताना दिसल्या तर वेचून काढा. निंबोळी पेंड मिसळा, आणि हुमणीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचं कल्चर कृषी सेवा केंद्रात मिळतं तेही.

हाच हिशोब कुणी गच्चीसाठी वापरू नये म्हणून एवढं लिहितो. पाणी प्यायलेली फूटभर माती दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास जाते. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मानकातला भार दीडशे किलोच्या जवळपास धरलेला असतो. तिथे कोकोपीट, कंपोस्ट, थोडी माती आणि कुंड्या, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. माती गोणीने घेत असाल तर सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफूट बसतं, म्हणजे ब्रासच्या साधारण ऐंशी गोण्या. भावाची तुलना त्यावर करा.

माती पसरून झाली की रोलर फिरवू नका. दोन-तीनदा भरपूर पाणी द्या, पंधरा दिवस बसू द्या, मग सपाट करा आणि लॉन लावा. पेव्हरच्या कडेपेक्षा माती इंचभर खाली ठेवा, नाहीतर प्रत्येक सरीला लाल पाणी पार्किंगमध्ये येईल. सगळी माती एकदम वापरू नका. अर्धा ब्रास मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहू द्या. जुलैच्या मध्यापर्यंत लॉनमध्ये दोन-चार ठिकाणी आणि चारही खड्ड्यांत माती खचलेली असेल. तेव्हा एवढ्याशा मातीसाठी गाडी कुणी पाठवत नाही.